कानांची परीक्षा – भाग ६ : जवारी लावलेला प्लेअर

गेल्या आठवड्यात आपण एलपीच्या खाचेतून फिरून आलो, पण एक कोडं राहून गेलं. फाइल एकच, आकडे तेच. तरी एका प्लेअरवर गाणं कोरडं वाटतं आणि दुसऱ्यावर थेट तबकडीसारखं. असं का?

तंबोरा लावताना पाहिला असेल. तार सुरात आली तरी आवाज मुकाच असतो. मग घोडीवर तारेखाली दोरा घालून तो केसभर मागे-पुढे सरकवतात आणि एका जागी तार एकदम बोलू लागते. हीच जवारी. सूर तोच, पण वरचे दबलेले स्वर जागे होतात. काही प्लेअरमध्ये बसवलेला व्हॉल्व्ह, म्हणजे निर्वात नळी, हाच उद्योग विजेत करतो. सिग्नल वाढवताना लाटेचं एक टोक तो दुसऱ्यापेक्षा जरा जास्त चेपतो. त्यातून मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांचा स्वर जन्मतो. षड्ज १४० कंपनांचा धरला (काळी एकच्या आसपास), तर २८० म्हणजे तार षड्ज! तंत्रज्ञ याला विकृती म्हणतात, आणि ती विकृतीच आहे. पण सुरातली. तिप्पट म्हणजे तारसप्तकातला पंचम, तोही खपून जातो. सातपट मात्र कोमल निषादाच्याही खाली लटकतो, म्हणून तसल्या विकृतीने कान किटतात.

खिशातल्या प्लेअरमध्ये व्हॉल्व्ह बसतो कसा? कॉर्ग आणि नोरिताके या जपानी कंपन्यांनी २०१५ साली न्यूट्यूब आणली. काचेची चपटी पट्टी, आत हिरवट-निळा उजेड. मायक्रोवेव्हवरच्या घड्याळाचीच सख्खी बहीण. प्लेअरला टिचकी मारा, कानात ‘टिंग’ असा बारीक नाद घुमतो. मला तो आवडतो, पण बसमध्ये नाही.

दुसरी वाट व्हॉल्व्हशिवायची. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. एरवी प्लेअर त्यांच्यामध्ये आणखी बिंदू मोजून भरतो आणि वक्र गुळगुळीत करतो. काही प्लेअर मुद्दाम ते टाळतात. आलेला नमुना पुढचा येईपर्यंत तसाच धरून ठेवतात. लाटेच्या पायऱ्या होतात आणि गणितानेच वरच्या पट्टीचा आवाज उतरतो : १० हजार कंपनांना पाऊण डेसिबल, २० हजारांना तीनच्या वर. झांजेची धार बोथट होते, गळा पुढे येतो. एलपीच्या बाजूचं शेवटचं गाणं आठवा. तबकडीचा वेग तोच, पण आतली खाच तोकडी. तिथे बारीक कंपनं दाटतात आणि धार अशीच बोथट होते.

आणि पुष्कळदा प्लेअरचा दोषही नसतो, श्रेयही नसतं. मेटॅलिका या बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम (२००८) सीडीवर इतका दाबून मोठा केला होता, की ‘गिटार हीरो’ या खेळातली तीच गाणी चाहत्यांना जास्त मोकळी वाटली. अशा सीडीला कुठलाही व्हॉल्व्ह काय करणार?

महागडा प्लेअर घेण्याआधी घरी एक करून पाहा. फोनच्या इक्वलायझरमध्ये आठ हजारांच्या वरचा भाग दोन डेसिबल उतरवा, मग आवाज थोडा वाढवून दोन्ही वेळी सारखाच ठेवा. दुसऱ्या कुणाला बटण दाबायला सांगा, तुम्ही डोळे मिटून ऐका. माझ्या घरी हा खेळ झाला तेव्हा मी चारपैकी तीन वेळा उतरवलेलाच आवाज निवडला, आणि तोवर मी स्वतःला शुद्ध आवाजवाला समजत होतो.

पुढच्या आठवड्यात : हेडफोनचे पॅड जुने झाले की बास कुठे जातो?