क्रीडाशिक्षणाची पदवी : परवडणारी आणि पुढे नेणारी

"पोरगं खेळात हुशार आहे, पण खेळाने पोट भरेल का?" बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न घरोघरी निघतो. प्रश्न रास्त आहे. खेळाडू म्हणून नावारूपाला येणारे थोडेच असतात. परंतु खेळ शिकविण्याचे रीतसर शिक्षण घेतले तर अनेकांना वाट मिळू शकते. ती कमी खर्चात कशी धरावी, एवढेच आम्ही येथे मांडत आहोत.

प्रथम पदव्यांतील फरक समजून घ्यावा. बी.पी.ई.एस. हा बारावीनंतरचा ३ वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पण शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचे असेल तर तेवढ्यावर भागत नाही, त्यासाठी बी.पी.एड. लागते. पदवीनंतरच्या या २ वर्षांच्या अभ्यासक्रमाला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आवश्यक असते. मान्यता नसलेल्या ठिकाणी फी कितीही कमी असली, तरी ती पदवी शिक्षक भरतीत उपयोगी पडत नाही. म्हणून फीचा आकडा नंतर विचारावा, मान्यतेचा कागद आधी पाहावा.

बी.पी.एड.ला कोणत्याही शाखेचा पदवीधर जाऊ शकतो. त्यामुळे आमच्या मते गरीब घराला सोयीचा मार्ग असा : घराजवळच्या अनुदानित महाविद्यालयातून बी.ए. करावे, म्हणजे ३ वर्षे राहण्या-जेवणाचा खर्च वाचतो. या काळात महाविद्यालयाच्या संघातून खेळावे आणि सहभागाची प्रमाणपत्रे जपून ठेवावीत, कारण प्रवेशाच्या वेळी ती मागितली जातात. महाराष्ट्रात प्रवेशासाठी सामाईक परीक्षा होते. लेखी परीक्षेबरोबर मैदानी चाचणीही द्यावी लागते.

खर्च मांडताना केवळ फी धरू नये. वसतिगृह, बूट, गणवेश, शिबिरे आणि आहार हेही त्यात येतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना, कौटुंबिक उत्पन्न २.५ लाखांपर्यंत असल्यास, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. जातीचा व उत्पन्नाचा दाखला प्रवेशाआधीच काढून ठेवावा. शिष्यवृत्तीची रक्कम हाती येईपर्यंत पहिल्या काही महिन्यांची तजवीज घरातून करावी.

तरीही कमी पडले तर कर्ज काढावे, पण बेताने. बँकेत काम करीत असल्याने आम्ही एक हिशेब देतो. परतफेड सुरू होताना २ लाख रुपये देणे असेल आणि व्याज १० टक्के असेल, तर ७ वर्षे दरमहा सुमारे ३,३०० रुपये भरावे लागतील. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण मागत नाहीत. मात्र पालकांची सही लागते. म्हणजे हप्ता चुकला तर बोजा आई-वडिलांवर येतो. शिकत असतानाच व्याज भरीत गेल्यास पुढचा भार हलका होतो.

शाळांतील जागा मोजक्याच निघतात, हेही लक्षात ठेवावे. त्यासाठी शिक्षण अर्ध्यावर सोडू नये. एम.पी.एड. करून नेट किंवा सेट उत्तीर्ण झालेल्यास महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक या पदासाठी अर्ज करता येतो. आणि हे सर्व मुलींनाही तितकेच लागू आहे. मैदानावर जाणाऱ्या लेकीला पालकांनी अडवू नये.

पदवी स्वस्त की महाग, हे फीच्या पावतीवरून ठरत नाही. ती घेऊन मुलाला पुढचे दार उघडता आले का, यावरून ठरते. प्रवेशापूर्वी पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी एकत्र बसून हा हिशेब वहीत मांडावा, ही आमची विनंती.