फरशीचा हिशेब



घर बांधताना सर्वांत शेवटी येणारे मोठे काम म्हणजे फरशी. पाया खणला जातो तेव्हा हातात पैसा असतो आणि मनात उमेद असते. भिंती उभ्या राहतात, वर स्लॅब पडतो किंवा पत्रा चढतो, दारे-खिडक्या बसतात; आणि मग ध्यानात येते की पिशवी रिकामी झाली, पण पायाखाली अजून मुरूमच आहे. अशा वेळी घरधनी दोहोंपैकी एक करतो. एक तर 'पुढच्या सुगीला बघू' म्हणून त्या धुळीतच संसार मांडतो, आणि ती सुगी चार-चार वर्षे उजाडत नाही. नाही तर व्याजाने पैसे काढून दुकानातली चकचकीत फरशी घरी आणतो, आणि ती बसवून घेण्यासाठी पुन्हा दुसऱ्याच्या दारात उभा राहतो.

असे का होते? हिशेब आधी केलेला नसतो म्हणून. आणि केला असला तर तो अर्धाच केलेला असतो म्हणून. दुकानात पाटी असते, 'फुटाला ४५ रुपये'. खोल्यांचे क्षेत्रफळ २०० चौरस फूट. चला, नऊ हजारांत काम झाले! पण काम नऊ हजारांत होत नाही. त्याला पंचवीस हजार लागतात. मधले सोळा हजार कुठे जातात, ते आज आपण पाहावयाचे आहे.

प्रथम फरशीचे प्रकार थोडक्यात पाहू. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली ती शहाबादी. कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात शहाबाद नावाचे गाव आहे, त्यावरून हे नाव पडले. राजस्थानातून येते ती कोटा. तिच्या खाणी कोटा जिल्ह्यात रामगंज मंडीच्या आसपास आहेत. हे दोन्ही चुनखडीचे दगड, टिकाऊ आणि उन्हाळ्यात पायाला गार. भट्टीत भाजून केलेल्या सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड फरश्या बहुतांशी गुजरातेतील मोरबीहून येतात. यांतली सिरॅमिक पाणी थोडे पिते, व्हिट्रिफाइड जवळजवळ पीतच नाही. म्हणून ती महाग. ग्रॅनाइट आणि संगमरवर यांचा विचार आज आपण करणार नाही, कारण ज्याला ते परवडते त्याला माझ्या हिशेबाची गरज नाही. आणि सर्वांत स्वस्त म्हणजे सिमेंटचा घोटलेला कोबा. त्याच्याकडे आपण नाक मुरडतो, पण त्याच्याबद्दल मला पुढे दोन चांगले शब्द सांगावयाचे आहेत.

आता कागद-पेन्सिल घ्या. एक खोली १० बाय १२ फुटांची, तिला लागून स्वयंपाकघर ८ बाय १० चे. म्हणजे १२० आणि ८०, एकूण २०० चौरस फूट. पण फरशी जमिनीलाच लागते असे नाही. भिंतीच्या कडेने चार इंचांची पट्टी लावावी लागते, तिला स्कर्टिंग म्हणतात. खोलीचा घेर ४४ फूट, स्वयंपाकघराचा ३६, मिळून ८०. दारांचे १० फूट वजा केले की ७० फूट लांब पट्टी राहिली. चार इंच म्हणजे फुटाचा तिसरा भाग. तेव्हा ही पट्टीच सुमारे २३ चौरस फूट झाली. २२३ झाले. कापण्यात आणि फुटण्यात शेकडा सहा तरी जाते. म्हणजे आपल्याला २३७ चौरस फूट फरशी घ्यावी लागेल.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती नीट ऐका. 'दोन बाय दोन'ची म्हणून जी फरशी विकतात ती खरोखर दोन फूट नसते. ती ६०० मिलिमीटर असते, आणि दोन फूट म्हणजे जवळजवळ ६१० मिलिमीटर. एका बाजूला एक सेंटिमीटर कमी. दिसायला काहीच नाही. पण चार फरश्यांच्या पेटीत १६ ऐवजी साडेपंधरा चौरस फूटच भरतात. पुष्कळ ठिकाणी भाव मात्र १६ फुटांचा लावला जातो. १६ ने भागले तर आपल्याला १५ पेट्या पुरतील असे वाटते; साडेपंधराने भागले तर १६ लागतात. ती सोळावी पेटी महिन्याने आणायला गेलात तर त्याच छटेची मिळेलच असे नाही. म्हणून पेटीवर छापलेले क्षेत्रफळ स्वतः वाचावे, सर्व पेट्या एकाच खेपेला आणि एकाच छटा-क्रमांकाच्या घ्याव्यात, आणि न फोडलेली पेटी परत घेणार का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. ते विचारायला लाजू नये.

फुटाला ४५ च्या भावाने साडेपंधरा फुटांची पेटी ७०० रुपयांच्या घरात जाते. १६ पेट्यांचे ११,२०० रुपये झाले. हा भाव कर धरून आहे की कर वेगळा, हेही विचारावे. अशा फरशीवर वस्तू व सेवा कर शेकडा १८ आहे. तो वेगळा असेल तर पेटीमागे १२६ रुपये आणि सोळा पेट्यांमागे दोन हजारांवर रुपये वाढतात.

फरशी घरी आली. आता ती कशावर बसवायची? खाली दोन इंच जाडीचा मालाचा थर लागतो. एकास सहा या प्रमाणात सिमेंट आणि वाळू धरली, वर फरशीखाली ओतायची सिमेंटची रबडी धरली, तर आपल्या २०० फुटांना सात पोती सिमेंट लागते. पोत्याला ३८० धरले तर २,६६० रुपये. वाळू किंवा दगडाची चुरी सुमारे ४० घनफूट लागते. ब्रास म्हणजे १०० घनफूट; पण ४० घनफूट कोणी पोचवत नाही, अर्धा ब्रास घ्यावा लागतो. त्याचे २,५०० धरू. मजुरी फुटाला ३० प्रमाणे ६,०००, आणि स्कर्टिंगची लांबीवर फुटाला १५ प्रमाणे १,०५०. सांधे भरायला ३००. गाडीभाडे आणि हमाली १,२००. आता बेरीज करा: २४,९१० रुपये. म्हणजे ४५ रुपयांची फरशी आपल्या पायाखाली येईपर्यंत सव्वाशे रुपये फूट झाली. दुकानदाराला दिलेले पैसे एकूण खर्चाच्या निम्मेसुद्धा नाहीत.

हे भाव सर्व जिल्ह्यांत सारखे नसतात, आणि वर्षभर एके ठिकाणी थांबतही नाहीत. सिमेंट चढते-उतरते, नदीपासून दूरच्या गावी वाळू महाग पडते, आडवळणाच्या वाडीला गाडीभाडे दुप्पट लागते. तेव्हा माझे आकडे पाठ करू नका. सात रकाने मात्र लिहून ठेवा: फरशी, सिमेंट, वाळू, बसवण्याची मजुरी, स्कर्टिंग, सांधे भरणे, वाहतूक. त्यांत आपल्या गावचा भाव भरा. एकही रकाना रिकामा राहू देऊ नका. जो रिकामा राहील तोच पुढे उसनवारी करायला लावील.

हे २५ हजार किती मोठे आहेत ते दुसऱ्या एका आकड्याशेजारी ठेवून पाहू. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशातील घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात, आणि घर निदान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांचे असावे लागते. त्याहून लहान अशा दोन खोल्यांच्या फरशीलाच त्या रकमेचा पाचवा हिस्सा लागतो. पाया खणण्यापूर्वी तो बाजूला ठेवला नाही, तर शेवटी तो उरत नाही.

आता त्याच दोन खोल्यांना शहाबादी घातली तर? ३० रुपये फुटाची घासलेली शहाबादी घेतली, स्कर्टिंग फरशीऐवजी सिमेंटचे केले, तर सगळे मिळून १८ हजारांच्या आसपास भागते. नंतर यंत्राने चकाकी आणायची असेल तर तीन-चार हजार आणखी. आणि नुसता सिमेंटचा दीड इंची घोटलेला कोबा केला तर नऊ-दहा हजारांत काम उरकते. सव्वाशे, नव्वद आणि पन्नास. फुटामागे हे तीन जिने आहेत. आपले अंथरूण पाहून कोणत्या पायरीवर थांबावयाचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

पण कोणतीही पायरी निवडलीत तरी एका जागी काटकसर करू नका, आणि ती जागा म्हणजे फरशीच्या खालची भराई. फरशी बसवून वर्षही होत नाही आणि मधोमध खचते, सांधे उघडतात, पाऊल टाकले की डब्यासारखा आवाज येतो. लोक म्हणतात, फरशी वाईट निघाली. फरशी चांगलीच असते. खालची जमीन बसलेली असते. जोत्यात जर पायाच्या खोदाईतली काळी माती लोटली असेल, तर ती पावसाळ्यात फुगणार आणि उन्हाळ्यात भेगाळणार. शेतात जी माती सोने पिकवते तीच घराखाली वैरीण होते. जोत्यात मुरूम घालावा; तोही एकदम न ओतता अर्धा-पाऊण फुटाचा थर, त्यावर पाणी, त्यावर धुमसाने ठोकणे, मग दुसरा थर, अशा रीतीने. साधल्यास एक पावसाळा तो तसाच बसू द्यावा. त्यावर चार इंचांचा खडीचा कोबा घालावा. आपल्या २०० फुटांना त्यासाठी सहा-सात पोती सिमेंट लागते. हा खर्च माझ्या २५ हजारांत धरलेला नाही. तो जोत्याच्या कामात ठरलेला आहे की नाही, हे घर बांधायला देतानाच गवंड्याकडून वदवून घ्यावे.

गवंड्याशी बोलताना आणखी चार गोष्टी स्पष्ट कराव्यात. मजुरी जमिनीच्या फुटावर की फरशीच्या फुटावर? कापणे, उंबऱ्याशी जुळवणे, सांधे भरणे आणि शेवटची धुलाई तीत धरली आहे का? मोरीकडे आणि ओट्याखाली पाण्याला ढाळ देणार ना? आणि फरशी बसल्यावर पाणी मारायचे कोणी? हे शेवटचे काम घरच्यांनीच अंगावर घ्यावे. फरशीखालच्या मालाला आठवडाभर ओल लागते. घोटलेल्या कोब्यावर तर आळी करून सात दिवस पाणी साठवून ठेवावे, नाहीतर तो पहिल्याच उन्हाळ्यात तडकतो. मजुरीचे पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत, आणि शेवटचा हप्ता आठवड्याने, प्रत्येक फरशीवर लाकडी दांड्याने हलके ठोकून पाहिल्यावर द्यावा. जिथे पोकळ वाजेल ती फरशी काढून पुन्हा बसवून घ्यावी. चांगला कारागीर याचा राग मानीत नाही. उलट तो स्वतःच ठोकून दाखवतो.

चकाकीविषयीही दोन शब्द. आरशासारखी फरशी ओली झाली की घसरते. घरात म्हातारी माणसे असतील, अवघडलेली लेक-सून असेल, तर मोरीत आणि पडवीत खरबरीत अंगाचीच फरशी घ्यावी. पडून मोडलेल्या खुब्यापुढे कोणतीही फरशी महागच.

आता कोब्याबद्दल जे बोलायचे राहिले होते ते. मेक्सिको देशात कोआविला नावाचे राज्य आहे. तिथे २००० साली सरकारने गरिबांच्या घरांतील मातीच्या जमिनीवर साधा सिमेंटचा कोबा घालून देण्याची योजना सुरू केली. पुढे संशोधकांनी अशी घरे आणि तशी घरे ताडून पाहिली, आणि २००९ साली निष्कर्ष छापला. ज्या घरातली मातीची जमीन पुरती जाऊन सिमेंट आले, तिथल्या लहान मुलांत पोटातील जंतांचे प्रमाण शेकडा ७८ ने, हगवणीचे ४९ ने आणि अंगात रक्त कमी असण्याचे ८१ ने घटले होते. कारण सोपे आहे. रांगते मूल जमिनीवर हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते. मातीत जंतांची अंडी दिसत नाहीत आणि ती धुऊनही काढता येत नाहीत. आपल्या मायबहिणींनी शेणाने सारवून जमीन शतकानुशतके नेटकी राखली, त्यात त्यांचे कष्ट थोर होते. पण सारवलेली जमीन पाण्याने धुता येत नाही, सिमेंटची येते. तेव्हा ज्याला चकचकीत फरशी परवडत नाही त्याने ती परवडेपर्यंत मातीवर राहू नये. निदान ज्या खोलीत मूल रांगते आणि जिथे स्वयंपाक होतो, तिथे आज कोबा करावा. पुढे चार पैसे आले की त्याच कोब्यावर फरशी बसवता येते; उंबऱ्याशी आणि दाराखाली दोन-अडीच इंच जागा मात्र आधीच सोडून ठेवावी.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. क्षेत्रफळ, परिमिती आणि शेकडेवारी हे आपण वरच्या वर्गांत शिकवतोच. एके दिवशी मुलांच्या हाती टेप द्या आणि वर्गाचीच फरशी मोजायला सांगा. जमीन किती, पट्टी किती, वाया किती, पेट्या किती, हे त्यांना काढू द्या. भाव गावातल्या दुकानात जाऊन त्यांनीच विचारून आणावा. मग तीच मुले घरी जाऊन आपल्या ओसरीचे माप घेतील, आणि घर बांधायला निघालेल्या बापाला पाया खणण्यापूर्वी सांगतील, "बाबा, फरशीचे पंचवीस हजार वेगळे ठेवा."