कॅमेरा कुठे उभा करावा?

काही वर्षांपूर्वी एका चौकातील वाहने मोजण्याचे काम आमच्या गटाकडे आले होते. रस्त्याच्या डाव्या बाजूच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत आम्ही कॅमेरा लावला आणि खाली फुटपाथवर चार विद्यार्थी वही घेऊन उभे केले. संध्याकाळी दोन्ही मोजण्या ताडून पाहिल्या. बस आणि ट्रक जुळले, मोटारी बऱ्यापैकी जुळल्या. दुचाकी मात्र चित्रणात वहीपेक्षा बऱ्याच कमी भरल्या. चूक विद्यार्थ्यांची असणार, असे मी गृहीत धरले. (यंत्रावर माणसापेक्षा अधिक विश्वास टाकायचा, ही आम्हा लोकांची जुनी खोड.) चित्रण सावकाश पाहिल्यावर उलगडा झाला. दुचाकी रस्त्यावर होत्या, पण बस आणि ट्रक यांच्या आड होत्या.

ही चूक किरकोळ नाही. सिग्नल किती सेकंद ठेवायचा, रस्ता कुठे रुंद करायचा हे अशा मोजण्यांवर ठरते. भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकींवरची होती. सर्वाधिक धोका ज्यांना, तेच मोजणीतून निसटत होते.

कॅमेऱ्याला काय दिसणार नाही हे समजून घ्यायला एक सोपी युक्ती आहे. कॅमेऱ्याच्या जागी दिवा आहे अशी कल्पना करा. ट्रकची सावली जेथे पडेल, तो भाग कॅमेऱ्याला अदृश्य. आता समरूप त्रिकोण मांडू. कॅमेरा ६ मीटर उंचीवर आहे, ट्रक ४ मीटर उंच आहे आणि त्याची पलीकडची कड कॅमेऱ्यापासून ३० मीटरवर आहे. ट्रकच्या माथ्यावरून जाणारा किरण ३० मीटरमध्ये २ मीटर उतरतो. उरलेले ४ मीटर उतरायला त्याला आणखी ६० मीटर लागतील. म्हणजे ट्रकमागे ६० मीटर लांबीची सावली! दुचाकीस्वाराचे डोके जमिनीपासून दीड मीटरवर धरले, तरी ट्रकमागच्या साडेसदतीस मीटरपर्यंत तो पूर्ण झाकलेला राहतो. हाच कॅमेरा १२ मीटरवर नेला, तर किरण तेवढ्याच अंतरात ८ मीटर उतरतो. मग जमिनीवरची सावली १५ मीटर उरते आणि दुचाकीस्वार सुमारे साडेनऊ मीटरपर्यंतच लपतो. उंची दुप्पट केली आणि सावली चौथाईवर आली, कारण कॅमेऱ्याची ट्रकपेक्षा जी जास्त उंची, ती २ मीटरवरून ८ मीटरवर गेली.

वर्गात अंधार करून हे करून दाखवता येते. १ सेंमी म्हणजे ४० सेंमी असे प्रमाण घ्या. १० सेंमी उंचीचे खोके हा ट्रक आणि ७५ सेंमी दूर, १५ सेंमी उंचीवर मोबाइलची बॅटरी हा कॅमेरा. सावली दीड मीटर पडेल. बॅटरी ३० सेंमीवर उचलली की ती साडेसदतीस सेंमीवर येईल. नंतर बॅटरी खोक्याच्या एका अंगाला सरकवा आणि सावली कोणीकडे वळते ते पाहा.

ते पाहणे महत्त्वाचे आहे, कारण खांब रस्त्याच्या कोणत्या बाजूला रोवायचा हे त्यावर ठरते. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात आणि अवजड वाहनांनी डावी मार्गिका धरायची असते. कॅमेरा डाव्या कडेला लावला, तर उंच ट्रक त्याच्या अगदी पुढ्यात येतो आणि त्याची आडवी सावली उजवीकडच्या मार्गिकांवर पडते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या, दुचाकींना बंदी असलेल्या रस्त्यावर दुभाजकाकडून पाहणे त्यामुळे सोयीचे. शहरात मात्र दुचाकी आणि सायकली बसच्याही डावीकडून घुसतात; दुभाजकावरचा कॅमेरा नेमक्या त्यांनाच मुकेल. तेथे मला विचाराल, तर रस्त्यावर आडवी कमान किंवा पादचारी पूल यांना पर्याय नाही.

दुसरा प्रश्न अंतराचा. ‘एक कॅमेरा, दोनशे मीटर रस्ता’ असे कोणी सांगू लागले की सावध व्हावे. कॅमेरा दूरचा रस्ता फार दाबून दाखवतो. समजा, त्याचे नाभीय अंतर पिक्सेलमध्ये मोजले तर १००० आहे आणि तो ६ मीटरवर आहे. जवळ, २० मीटरवर, चित्रातल्या एका उभ्या पिक्सेलमध्ये रस्त्याचे सुमारे ७ सेंमी मावतात. १०० मीटरवर मात्र एका पिक्सेलमध्ये १ मीटर ६७ सेंमी! अंतर पाचपट, चूक पंचवीसपट. १०० मीटरवरच्या मोटारीचा वेग एका सेकंदातील सरकण्यावरून काढला आणि दोन्ही टोकांना एकेक पिक्सेलची चूक झाली, तर उत्तर ताशी १२ किलोमीटरने चुकू शकते. ताशी ६० ने जाणाऱ्याला ७२ चा दंड. जवळ, २० मीटरवर, हीच चूक ताशी अर्ध्या किलोमीटरच्या आसपास राहते.

दूरवर उभ्या केलेल्या दोन कमानींमध्ये सरासरी वेग काढण्याची पद्धत या अडचणीला बगल देते. २ किलोमीटर अंतर ताशी १०० ने कापायला ७२ सेकंद लागतात. तेथे दोनतीन मीटरची चूक नगण्य. घड्याळे अर्ध्या सेकंदाने जुळली नाहीत, तरी चूक एक टक्क्याच्या आत. मुंबई-पुणे मार्गावर २०२४ साली सुरू झालेल्या यंत्रणेत अशा कमानी आहेत.

पण दोन्ही ठिकाणी गाडी एकच आहे हे ओळखायचे, तर नंबर वाचावा लागतो. मोटारीच्या पाटीवरील अक्षराची रेघ १० मिमी जाड असते. तिला निदान २ पिक्सेल द्यायचे ठरवले, तर एक पिक्सेल ५ मिमीचा होतो. चित्राच्या रुंदीत १९२० पिक्सेल असतील, तर एकूण ९.६ मीटर दिसणार. साडेतीन मीटरच्या तीन मार्गिकाही त्यात मावत नाहीत! म्हणून पाटी वाचणारे कॅमेरे सहसा एकदोन मार्गिकांपुरतेच असतात आणि ते फार उंच टांगूनही चालत नाही. खाली ६० अंशांत पाहणाऱ्या कॅमेऱ्याला उभी पाटी निम्म्या उंचीची दिसते (कोसाइन गुणोत्तर आठवा). मोजणीसाठी उंच आणि वाचनासाठी बेताचा, अशी ही ओढाताण आहे; दोन्ही कामे एका कॅमेऱ्याकडून करून घेणे मला तरी जमलेले नाही.

बाकी बाबी साध्या, पण त्याच अधिक छळतात. पूर्व-पश्चिम रस्त्यावर सूर्य थेट भिंगात येतो. उंच खांब वाऱ्याने डोलतो. रात्रीच्या अवरक्त दिव्यापाशी किडे जमतात, त्यांच्यामागे कोळी येतो आणि भिंगासमोर जाळे विणतो. उन्हाळ्यात निर्वेध दिसणारा रस्ता पावसाळ्यात कडुनिंबाच्या फांदीमागे जातो.

पुढच्या खेपेस त्याच चौकात आम्ही कॅमेरा पादचारी पुलावर नेला आणि मोजणीची रेघ पुलाच्या पायथ्यालगत आखली. दुचाकींचा फरक बराच घटला. जो उरला, तो सिग्नलला दोन बसच्या फटीत उभ्या राहणाऱ्यांचा होता. त्यांच्यासाठी वही घेतलेला एक विद्यार्थी आम्ही फुटपाथवर कायम ठेवला.