ईसीजी यंत्राची कसोटी : ज्ञात तरंगाचे महत्त्व

मध्य प्रदेशातील जबलपूर जिल्ह्यात पाटन हे तहसिलीचे ठिकाण आहे. अशा ठिकाणच्या आरोग्य केंद्रात छातीत दुखणारा रुग्ण आल्यास त्यास तातडीने जबलपूरच्या मोठ्या रुग्णालयात पाठवावे किंवा कसे, हा निर्णय मोठ्या प्रमाणावर ईसीजीच्या आलेखावर अवलंबून असतो. आलेखातील एसटी भाग मूळ रेषेपासून अवघा १ मिलिमीटर, म्हणजे ०.१ मिलिव्होल्ट, वर सरकला तरी तो हृदयविकाराच्या झटक्याचा इशारा ठरू शकतो. यंत्र इतके सूक्ष्म मापन अचूक करते काय, हे रुग्णावरून समजत नाही. कारण रुग्णाचा खरा संकेत आधी ज्ञात नसतो. त्यासाठी ठरावीक मूल्यांचा कृत्रिम संकेत लागतो. तो देणारे उपकरण म्हणजे ईसीजी चाचणी-संकेत जनित्र, अर्थात सिम्युलेटर होय.

तरंगाचे घटक

हृदयाच्या विद्युत्-आलेखनाची यंत्रणा शोधल्याबद्दल डच शास्त्रज्ञ विलेम आइन्थोव्हेन यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आलेखातील पी, क्यूआरएस व टी ही नावे त्यांचीच. सामान्य प्रौढ व्यक्तीत पीआर अंतर १२० ते २०० मिलिसेकंद असते, तर क्यूआरएसचा कालावधी १२० मिलिसेकंदांपेक्षा कमी असतो. स्पंदनांची गती, तरंगाची उंची, कालावधी व एसटी भागाचे विचलन ही जनित्रावर निश्चित करावयाची प्रमुख मूल्ये होत.

चाचणीचा क्रम

प्रथम १ मिलिव्होल्टचा चौकोनी तरंग द्यावा. प्रमाणित मांडणीत कागदावर त्याची उंची १० मिलिमीटर भरली पाहिजे. त्यानंतर गती मिनिटाला ६० ठेवावी. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकत असेल, तर लागोपाठच्या दोन आर-शिखरांत २५ मिलिमीटर अंतर पडते; गती १२० केल्यास ते १२.५ मिलिमीटर होते. आइन्थोव्हेन यांच्या नियमानुसार पहिल्या व तिसऱ्या लीडची बेरीज दुसऱ्या लीडइतकी असते. पहिलीत ०.७ व दुसरीत १ मिलिव्होल्ट असेल, तर तिसरीत ०.३ यावयास हवे. पहिल्या लीडचा तरंग उलटा आला, तर दोन्ही हातांच्या वायरींची अदलाबदल झाली आहे काय, हे प्रथम पाहावे.

शेवटी एसटी विचलन ०.१ व ०.२ मिलिव्होल्टवर ठेवून पाहावे. येथे यंत्रातील फिल्टरकडे विशेष लक्ष द्यावे लागते. निदानासाठी साधारणतः ०.०५ ते १५० हर्ट्‌झ हा पट्टा वापरतात. मूळ रेषा स्थिर दिसावी म्हणून खालची मर्यादा ०.५ हर्ट्‌झवर नेल्यास एसटी भागाचा आकार बिघडू शकतो. वरची मर्यादा ४० हर्ट्‌झवर आणल्यास आर-शिखराची उंची घटते. आलेख सुबक दिसतो, परंतु निदान चुकण्याचा धोका वाढतो.

धोरणाची बाजू

राष्ट्रीय आरोग्य अभियानांतर्गत २०१५ मध्ये जैववैद्यकीय उपकरण देखभाल कार्यक्रम सुरू करण्यात आला. त्यात जिल्हा रुग्णालयांतील उपकरणे ९५ टक्के, सामुदायिक आरोग्य केंद्रांतील ९० टक्के व प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ८० टक्के काळ कार्यरत राहावीत, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले. तथापि, यंत्र चालू असणे आणि ते अचूक मोजणे या दोन भिन्न बाबी आहेत. पहिलीची खात्री वीजदिव्यावरून पटते, दुसरीची केवळ ज्ञात तरंगावरून. शहरापासून दूर असलेल्या रुग्णाच्या दृष्टीने ही दुसरी खात्रीच निर्णायक ठरते.