विश्लेषण : ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले!’ हे पॉप-अप येतात कुठून? बंद कसे करायचे?

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खालून एक चौकट वर येते. ‘५ व्हायरस सापडले’, ‘अँटीव्हायरसची मुदत आज संपली’, ‘तुमचे फोटो धोक्यात’. एक बंद करावी तर दुसरी हजर. घरातला कॉम्प्युटर मुलांच्या प्रोजेक्टला, आजोबांच्या पेन्शनच्या कामाला आणि सगळ्यांच्या तिकीट बुकिंगला मिळून एकच असतो. त्यामुळे हे नेमके कुणी केले याचा पत्ता लागत नाही आणि खापर बहुतेक वेळा मुलांच्या गेमवर फुटते. मग सीपीयू दुरुस्तीवाल्याकडे जातो, ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असे उत्तर मिळते, पैसे जातात, कधी कधी फोटोही जातात. आणि महिनाभरात चौकट परत येते.

याचे कारण साधे आहे. अशा बहुतांश चौकटींचा व्हायरसशी संबंधच नसतो. त्या ब्राउझर दाखवत असतो आणि दाखवायची परवानगी घरातल्याच कुणीतरी एका क्लिकवर दिलेली असते. ती काढून घ्यायला दोन मिनिटे पुरतात. चौकट त्रासदायक आहेच, पण नुकसान होते ते ती पाहून घाबरल्यावर जे केले जाते त्यातून.

पॉप-अप आणि नोटिफिकेशन यात फरक काय?

बोलताना आपण दोन्हींना पॉप-अप म्हणतो. खरा पॉप-अप म्हणजे वेबसाइट उघडल्यावर आपोआप उघडणारी दुसरी खिडकी. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रायपॉड या अमेरिकी कंपनीत काम करणाऱ्या ईथन झुकरमन यांनी त्यासाठीचा कोड लिहिला होता. जाहिरात पानातल्या मजकुराला चिकटून दिसू नये, म्हणून ती वेगळ्या खिडकीत दाखवायची, असा हेतू होता. २०१४ मध्ये झुकरमन यांनी लेख लिहून त्याबद्दल जाहीर माफी मागितली.

त्या पॉप-अपचा बंदोबस्त केव्हाच झाला आहे. २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ सोबत इंटरनेट एक्सप्लोररमध्ये पॉप-अप ब्लॉकर आला. आज क्रोम, एज, फायरफॉक्स हे सगळे ब्राउझर असे पॉप-अप मुळातच अडवतात. इतके की बँकेची किंवा सरकारी साइटची पावती नव्या खिडकीत उघडणार असेल तर तीही अडते आणि आपल्यालाच ‘अलाऊ’ करावे लागते.

कोपऱ्यातली चौकट मात्र वेगळी. ती म्हणजे ब्राउझर नोटिफिकेशन. २०१५ मध्ये क्रोमने वेबसाइटना ही सोय दिली. ई-मेल आला, बातमी आली, तर साइट बंद असतानाही कळावे, हा उद्देश. पॉप-अप ब्लॉकर तिला अडवत नाही, कारण ती परवानगी घेऊन आलेली असते. अँटीव्हायरसच्या स्कॅनमध्येही काही सापडत नाही, कारण कॉम्प्युटरमध्ये काही घुसलेलेच नसते. ‘स्कॅन क्लीन आहे, तरी मेसेज येतात’ ही नेहमीची तक्रार यातूनच येते.

पण परवानगी दिली कधी?

मॅच फुकट लाइव्ह दाखवणारी साइट, नवा सिनेमा डाउनलोड करून देणारी साइट, जुन्या प्रश्नपत्रिकांचे पीडीएफ देण्याचा दावा करणारी साइट. यांपैकी कुठेतरी पान उघडते आणि मधोमध रोबोचे चित्र दिसते. ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’. खऱ्या कॅप्चामध्ये चित्रे निवडायला किंवा चौकोनात टिक करायला सांगतात. ब्राउझरची परवानगी तो कधीच मागत नाही. इथे मात्र ‘अलाऊ’ दाबले की त्या साइटला रात्रंदिवस चौकटी पाठवायची मुभा मिळते. सिनेमा मिळतोच असे नाही.

परवानगी काढायची कशी?

चौकट नीट पाहिली तर तिच्यावर ब्राउझरचे नाव आणि साइटचा पत्ता बारीक अक्षरांत असतो. तेवढे टिपून घ्या. चौकटीच्या मजकुरावर क्लिक करू नका.

क्रोममध्ये उजवीकडे वरचे तीन ठिपके, मग सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज आणि नोटिफिकेशन्स, असे जा. परवानगी मिळालेल्या साइटची यादी इथे दिसते. यादीत ओळखीची नावे दोन-चार आणि अर्थ न लागणारी पंधरा-वीस, असे चित्र अनेक घरांत दिसेल. अनोळखी नावासमोरचे तीन ठिपके दाबून ‘ब्लॉक’ करा. नुसते ‘रिमूव्ह’ केले तर ती साइट पुन्हा विचारू शकते. त्याच पानावर कोणत्याही साइटने परवानगी मागूच नये, असाही पर्याय आहे. बातम्यांचे किंवा ई-मेलचे नोटिफिकेशन कॉम्प्युटरवर लागत नसेल तर सरळ तोच निवडा. फोनवर ते येतच असते.

एज आणि फायरफॉक्समध्येही हीच सोय आहे. सेटिंग्जच्या शोध चौकटीत ‘नोटिफिकेशन’ टाइप केले की ती सापडते. दोन ब्राउझर वापरत असाल तर दोन्हींत तपासा. अँड्रॉइड फोनवरच्या क्रोमचीही गोष्ट हीच. तिथेही साइट सेटिंग्जमध्ये तशीच यादी असते आणि बऱ्याचदा कॉम्प्युटरपेक्षा लांबलचक असते. वापरकर्ता जिथे फिरकतच नाही अशा साइटची परवानगी क्रोम आपणहून काढून घेईल, असे गूगलने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले आहे. तरी यादी एकदा स्वतः पाहिलेली बरी.

तरीही जाहिराती थांबत नसतील तर?

मग कॉम्प्युटरमध्ये खरोखर काहीतरी बसलेले असू शकते. आधी ब्राउझरमधली एक्स्टेन्शन्स पाहा. ‘पीडीएफ कन्व्हर्टर’, ‘कूपन फाइंडर’, ‘व्हिडिओ डाउनलोडर’ अशा नावांची, कधी टाकली ते आठवत नसलेली एक्स्टेन्शन्स काढून टाका. त्यानंतर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी तारखेप्रमाणे लावा. त्रास सुरू झाला त्या आठवड्यात काय आले ते लगेच दिसते. फुकटच्या सॉफ्टवेअरसोबत ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करताना दोन-तीन प्रोग्रॅम बरोबरीने येतात, ते इथे सापडतात.

एक खूण कमी जणांना माहीत असते. क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत तळाशी ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असे लिहिलेले दिसले, तर ऑफिसच्या लॅपटॉपवर ते स्वाभाविक आहे. घरच्या कॉम्प्युटरवर दिसले तर कुठल्या तरी प्रोग्रॅमने ब्राउझरवर स्वतःचे नियम लादलेले असू शकतात. काही अँटीव्हायरसमुळेही असे दिसते, पण तसे काही टाकलेले नसेल तर संशयाला जागा आहे.

विंडोजमध्ये डिफेंडर हा अँटीव्हायरस आधीपासूनच असतो. त्याच्या ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये ‘ऑफलाइन स्कॅन’ आहे. त्यात कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण चालू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेला प्रोग्रॅमही सापडण्याची शक्यता वाढते. साधारण १५ मिनिटे लागतात. शेवटी ब्राउझरच्या सेटिंग्ज ‘रीसेट’ करा. बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड त्याने जात नाहीत. एवढे करूनही फरक पडला नाही, तरच फॉरमॅटचा विचार करा, तोही फोटो आणि कागदपत्रे वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून घेतल्यावर.

स्क्रीन अडकली, सायरन वाजतोय आणि फोन नंबर दिसतोय...

सर्वांत जास्त माणसे घाबरतात ती इथे. चौकटीवर क्लिक केले की पूर्ण स्क्रीनभर निळे-लाल पान उघडते. मायक्रोसॉफ्टचा लोगो, सायरन, ‘कॉम्प्युटर लॉक झाला आहे, बंद केल्यास डेटा जाईल, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा’. माउसही हलेनासा होतो. प्रत्यक्षात हे एक वेबपेज आहे. कॉम्प्युटर लॉक झालेला नसतो, ब्राउझरची खिडकी फक्त पूर्ण आकारात पसरलेली असते.

एस्केपची कळ दोन-तीन सेकंद दाबून धरा. तेवढ्याने खिडकी लहान झाली नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ब्राउझरचे नाव निवडून ‘एंड टास्क’ करा. तेही जमले नाही तर पॉवरचे बटण दाबून धरून कॉम्प्युटर बंद करा. डेटा जात नाही. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर ‘आधीची पाने परत उघडू का’ असे विचारले जाईल, तिथे नकार द्या. एजमध्ये अशी पाने ओळखून अडवणारा ‘स्केअरवेअर ब्लॉकर’ आहे. तो सेटिंग्जमध्ये चालू आहे का, ते पाहा.

ज्येष्ठांना एवढेच सांगून ठेवले तरी पुष्कळ आहे : मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो.

त्या नंबरवर फोन केला तर काय होते?

पलीकडचा माणूस अत्यंत सभ्य बोलतो. एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखे ॲप टाकायला सांगतो. ही ॲप्स स्वतः बनावट नाहीत, कंपन्यांचे आयटी विभाग ती रोज वापरतात. पण त्यांचा कोड सांगितला की आपला कॉम्प्युटर त्याच्या हातात जातो. मग तो विंडोजमधले ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून लाल-पिवळ्या खुणांची लांब यादी दाखवतो. ‘बघा, किती एरर आहेत.’ ही यादी प्रत्येक ठणठणीत कॉम्प्युटरवर असते. नवा कोरा लॅपटॉप आठवडाभर वापरला तरी तिथे लाल खुणा दिसतात. मात्र ज्याने ती आधी कधी पाहिलेली नाही, त्याला ती पुराव्यासारखी वाटते. पुढे ‘दुरुस्ती’ची फी, मग तीच ‘परत’ करण्याच्या नावाखाली नेट बँकिंग उघडायला लावणे, असा क्रम असतो.

या धंद्याचा भारताशी संबंध आहे आणि तो अभिमानाचा नाही. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ मध्ये नोंदलेल्या टेक सपोर्ट फसवणुकीतले नुकसान ९२ कोटी डॉलरहून अधिक होते. त्यात ज्येष्ठांना बसलेला फटका मोठा होता, आणि अशी कॉल सेंटर्स प्रामुख्याने भारतात असल्याचे एफबीआय वारंवार सांगत आली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’मध्ये देशभरात ७६ ठिकाणी छापे घातले. त्यातली काही कारवाई मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्या तक्रारींवरून झाली होती. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांच्या घरी राहायला गेलेले इथले आई-वडीलही या फोनच्या टप्प्यात येतात, हे विसरून चालणार नाही.

‘विंडोज + आर दाबा’ सांगणारा कॅप्चा काय आहे?

२०२४ पासून पसरलेला हा प्रकार वरच्या सगळ्यांपेक्षा घातक आहे. पान म्हणते, ‘रोबो नाही हे सिद्ध करा : विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर.’ पानाने आधीच एक आज्ञा गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते. तिन्ही पायऱ्या केल्या की ती आज्ञा आपणच आपल्या हाताने कॉम्प्युटरला देतो. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम त्यातून उतरतो. सुरक्षा जाणकारांत याला ‘क्लिकफिक्स’ म्हणतात. कुठलीही वेबसाइट या कळा दाबायला सांगत असेल तर पान तिथल्या तिथे बंद करायचे. याला अपवाद नाही.

विंडोज १० असेल तर?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. कॉम्प्युटर चालत राहतो, पण नव्याने सापडणाऱ्या त्रुटींवर दुरुस्ती येत नाही. घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट घेण्याची योजना आहे. त्यासाठी विंडोज अपडेटच्या पानावरून नोंदणी करावी लागते. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर तिचे शुल्क लागत नाही. विंडोज ११ साठी टीपीएम २.० लागते, त्यामुळे बरेच जुने कॉम्प्युटर त्यात बसत नाहीत.

असेंबल केलेल्या कॉम्प्युटरवर ‘क्रॅक’ केलेले विंडोज असेल, तर प्रश्न आणखी वेगळा. ते क्रॅक चालवताना डिफेंडर बंद करायला सांगतात. बंद केलेला डिफेंडर पुन्हा कुणी चालू करत नाही. घरच्या कॉम्प्युटरवर कुलूप म्हणून तेवढे एकच असते, आणि तेच काढून ठेवलेले.

रोजच्या वापरासाठी ‘स्टँडर्ड’ प्रकारचे खाते बनवावे आणि ‘ॲडमिनिस्ट्रेटर’चा पासवर्ड घरातल्या एकाकडेच ठेवावा. मग कुणी चुकून काही इन्स्टॉल करायला गेले तर कॉम्प्युटर आधी पासवर्ड मागतो.

ॲक्सेस दिला गेला असेल किंवा पैसे गेले असतील तर?

आधी इंटरनेट तोडा. वायफाय बंद करा किंवा राउटरचे बटण सरळ बंद करा, म्हणजे पलीकडच्याचा ताबा सुटतो. बँकेला फोन करून नेट बँकिंग आणि कार्ड थांबवा, पण बँकेचा क्रमांक पासबुक किंवा कार्डावरून घ्या, गूगलवर शोधू नका. तिथेही बनावट क्रमांक पेरलेले असतात. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर कळवा. ती जितक्या लवकर कळते, तितकी रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर करता येते.

पासवर्ड बदलायचे ते त्याच कॉम्प्युटरवर नव्हे, दुसऱ्या फोनवरून. सुरुवात ई-मेलपासून करा, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड त्यातूनच बदलता येतात. एनीडेस्कसारखे ॲप काढून टाका आणि ऑफलाइन स्कॅन करा. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेचे ‘सायबर स्वच्छता केंद्र’ २०१७ पासून सुरू असून त्याच्या संकेतस्थळावर कॉम्प्युटर आणि मोबाइल साफ करण्याची साधने मोफत मिळतात. फसलेल्या स्क्रीनचा फोटो, आलेला फोन नंबर आणि व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा. तक्रार नोंदवताना हे तिन्ही मागितले जातात.