वाईनमध्ये मिरी कोण टाकतं?

वाईनचे शौकीन नुकत्याच रिकाम्या केलेल्या बाटलीचं वर्णन करू लागले की ऐकणाऱ्याच्या मनात दोन शंका येतात. एकाला शिराजमध्ये काळी मिरी लागते, दुसऱ्याला सोव्हिन्यॉं ब्लांमध्ये ढोबळी मिरची. मग एक तर कंपनीने त्यात अर्क घातले असणार, नाहीतर ही मंडळी उगाच तोरा मिरवत असणार. पहिली शंका साफ चुकीची आहे. शिराज द्राक्षाच्या सालीत रोटंडोन नावाचं द्रव्य असतं आणि काळ्या मिरीचा वासही त्याच द्रव्याचा असतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये हा संबंध सिद्ध केला. ढोबळी मिरचीचा वास पायराझिन गटातल्या द्रव्यांचा, आणि ती सोव्हिन्यॉंच्या द्राक्षातही असतात. लोण्याचा भास जिवाणूंनी तयार केलेल्या डायअसिटिलमुळे होतो, व्हॅनिलाचा ओकच्या पिंपामुळे. म्हणजे नाशिकच्या बाटलीत मिरी लागली तर ती वेलीवरूनच आलेली असते. हे सगळं काम मुख्यतः नाकाचं आहे, जिभेचं नव्हे. सर्दी झाली की आमटी बेचव लागते, त्यामागचं कारण हेच.

दुसऱ्या शंकेत मात्र तथ्य आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. फ्रान्समधल्या बोर्दोत वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाईनमध्ये वासहीन लाल रंग मिसळून दिला, तेव्हा त्यांनी तिचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग वाईनची टिंगल करणाऱ्यांचा आवडता. कॅलिफोर्नियातल्या एका स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाईन नकळत तीनदा दिली, तर दहातला एखादाच आपल्या गुणांशी ठाम राहिला. अमेरिकेत किंमत लपवून केलेल्या ६,००० हून अधिक चाखण्यांत सामान्य माणसांना महाग वाईन जास्त आवडली नाही. पण यातून नेमकं काय सिद्ध होतं? डोळा नाकाला फसवतो, गुण डळमळीत असतात आणि किमतीवरून चव ठरत नाही, एवढंच. रोटंडोन खोटं ठरत नाही. उलट ऑस्ट्रेलियातल्या त्या २००८ च्या संशोधनात असंही आढळलं की साधारण पाचातल्या एकाला हा वास येतच नाही. तेव्हा एका बाटलीवरून दोघे भांडत असतील तर दोघेही खरं बोलत असण्याची शक्यता बरीच आहे. ‘मला मिरी लागली’ ही माहिती झाली. ‘म्हणून ही वाईन श्रेष्ठ’ हा निवाडा झाला, आणि शंका घ्यायची ती या निवाड्यावर.

ही माहिती सांगायला विलायती फळांची नावं पाठ करावी लागतात, हाही एक समज. पैठण हा मोसंबीचा तालुका. मोसंबी सोलताना बोटांना चिकटणारा तो तेलकट, किंचित कडसर वास ज्याला ठाऊक आहे, त्याला पांढऱ्या वाईनसाठी ‘ग्रेपफ्रूट’ उसना घ्यायची गरज नाही. लाल वाईनने तोंड आवळलं की पुष्कळजण ती खराब झाली म्हणून बाजूला सारतात. पण साली आणि बियांतल्या टॅनिनने आलेला हा तुरटपणा आहे. जांभूळ, आवळा, हिरडा खाल्लेल्या जिभेला तो ओळखीचाच, आणि आपल्याकडे तर सहा रसांत त्याला मानाची जागा आहे. खराब वाईनची खूण वेगळी असते : बुचामुळे येणारा ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास, किंवा व्हिनेगरसारखा झोंबणारा आंबूस भपका.

आणखी एक पक्का समज म्हणजे लाल वाईन फ्रिजमध्ये ठेवायची नसते, ती खोलीच्या तापमानालाच प्यायची. हा नियम ज्या खोलीत जन्मला ती युरोपातली, १६ ते १८ अंशांची. छत्रपती संभाजीनगरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्या उकाड्यात ठेवलेल्या बाटलीत नाकाला आधी अल्कोहोलच भिडतं, मिरीबिरी राहते बाजूला. अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवण्यात काही अरसिकपणा नाही. ‘जितकी जुनी तितकी चांगली’ हेही थोड्याच वाईनना लागू. दुकानातल्या बहुतेक बाटल्या दोन-चार वर्षांत पिण्यासाठीच केलेल्या असतात, माळ्यावर तर त्या लवकरच बिघडतात. (वाईन हे कालपरवाचं फॅड आहे असं म्हणणाऱ्यांनी ‘पेरिप्लस’ हा पहिल्या शतकातला ग्रीक वृत्तान्त पाहावा. भडोचच्या बंदरात इटलीची वाईन उतरे, असं त्यात आहे. आणि त्याच बंदराला माल पाठवणाऱ्या गावांत पैठणचं नाव आहे.)

सुपरमार्केटात वाईन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये घेतला, तेव्हा ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य बरंच गाजलं. द्राक्ष उत्पादकांना बाजारपेठ मिळावी हा मुद्दा रास्त, पण त्याने अल्कोहोलचा हिशेब बदलत नाही. १३ टक्क्यांच्या ७५० मिलिलिटर बाटलीत सुमारे ९७ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये, ४२.८ टक्क्यांनी, सुमारे ७७. मिरी, जांभूळ, मोसंबीची साल हे सगळं चाखणाऱ्यांच्या वर्णनात येतं. हा आकडा तेवढा लेबलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात राहतो.