दुहेरी काचेची खिडकी आणि आपले वीजबिल

मार्चच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी 30,000 रुपयांचे कर्ज मागितले. अर्जात कारण लिहिले होते, घरदुरुस्ती. विचारल्यावर कळले की जुन्या लाकडी खिडक्या काढून दुहेरी काचेच्या सरकत्या खिडक्या बसवायच्या आहेत. घर थंड राहील, बिल निम्मे होईल, असे दुकानदाराने सांगितले होते. ताईंची परतफेड कधी चुकलेली नाही, त्यामुळे नाही म्हणणे आम्हाला जड गेले. मग सगळ्यांनी बसून हिशेब मांडला, तोच आज सांगतो.

दुहेरी काच ही वस्तू खोटी नाही. दोन काचांमध्ये साधारण बोटाएवढी फट ठेवतात आणि त्यात कोरडी हवा कोंडून कडा बंद करतात. कोंडलेली हवा उष्णता सावकाश जाऊ देते. एका जाड चादरीपेक्षा दोन पातळ गोधड्या जास्त ऊब धरतात, तसेच हे. पण त्याचा उपयोग खिडकी बंद असेल तरच. थंड देशांत घर गरम ठेवायला किंवा शहरात एसीच्या खोलीला ती काच कामाची. आपल्याकडे एसी नाही, कूलर आहे. कूलरला तर समोरची खिडकी उघडीच लागते. नाहीतर ओलसर हवा आत कोंडते आणि अंग चिकचिकते. सरकती खिडकी एका वेळी निम्मीच उघडते, म्हणजे वाराही कमी झाला!

दुसरी गोष्ट उन्हाची. साध्या पारदर्शक काचेतून, ती दुहेरी असली तरी, ऊन बरेचसे आत येतेच. आत आल्यावर ते फरशी-भिंत तापवते आणि ती उष्णता काचेतून सहज बाहेर जात नाही. म्हणून आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून सावली करावी. दक्षिणेचे ऊन उंचावरून येते, त्याला छज्जा पुरतो. पश्चिमेचे ऊन तिरपे येते, छज्ज्याखालून थेट आत. तिथे उभा आडोसाच हवा.

आता पैशाचे. आमच्या गटाचे व्याज महिना शेकडा 2. म्हणजे 30,000 वर पहिल्याच महिन्यात 600 रुपये व्याज. ताईंचे गेल्या मे महिन्याचे बिल होते 1,100. ते खरोखर निम्मे झाले असते तरी वाचलेल्या 550 रुपयांत व्याजही भागले नसते, मुद्दल तर दूरच. आणि मे काही बारा महिने नसतो.

ताई जरा रुसल्या. दुकानदाराला दिलेले 2,000 रुपये आगाऊ परत आले नाहीत, ते दुःख वेगळे. पण त्यांनी अर्ज बदलला. बुरुडाकडून पश्चिमेच्या दोन खिडक्यांना बांबूच्या तट्ट्या करून घेतल्या आणि काचेपासून वीतभर अंतर ठेवून बाहेरून टांगल्या. वारा खेळायला ते अंतर हवेच. पत्र्यावर चुन्याचे दोन हात दिले, कारण दिवसभर ऊन खाणारे असते ते छप्पर, खिडकी नव्हे. अहमदाबादेत 2010 च्या उन्हाळ्यात फार माणसे गेली. त्यानंतर तिथे उष्णतेसाठी आराखडा झाला, आणि गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी करण्याचे काम त्यातूनच पुढे आले.

उरलेल्या पैशात एक पंखा बदलला. जुना पंखा 75 वॅटचा, रोज 16 तास चालला तर महिन्याला 36 युनिट. नवा बीएलडीसी पंखा 30 वॅटच्या आसपास, म्हणजे 14-15 युनिट. महिन्याला 20 युनिट वाचतात. महावितरणच्या घरगुती बिलात 100 युनिटच्या वर गेले की पुढच्या युनिटचा दर बराच चढतो, तेव्हा काठावर असलेल्या घराला हे 20 युनिट फार मोलाचे. तुमच्या बिलावर युनिट किती पडले, ते आधी पाहा.

खिडक्या दुपारी 11 ते 5 लावून घ्या. कूलर चालू असेल तर मात्र सावलीच्या बाजूची एक उघडी असू द्या. रात्री सगळ्या उघडा, जाळी लावून. तट्टी खालूनही बांधा, वळवाच्या वाऱ्यात ती उडते. आणि मृगाआधी काढून माळ्यावर टाका, नाहीतर बुरशी धरते.